टाकून दिलेल्यांचा ठेवा : पालमच्या हवाई दल संग्रहालयाची वाटचाल

दिल्लीत पालमला, हवाई दलाच्या तळावर, भारतीय हवाई दलाचे संग्रहालय 1967 साली सुरू झाले. म्हणजे संस्था आता साठीला टेकली. संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की पहिली सभा, पहिला ठराव, पहिली देणगी असा क्रम धरायची आपल्याकडे रीत आहे. या संस्थेच्या बाबतीत तो क्रम फारसा कामाला येत नाही. हँगरमध्ये उभी असलेली विमाने तिथवर पोचली कशी, हे सांगितले की तिचा इतिहास आपोआप सांगून होतो. आणि ते सांगायला बसले की एक गोष्ट राहून राहून समोर येते. इथली जुनी लढाऊ विमाने कुणी हौसेने जपून ठेवलेली नाहीत. बरीचशी कुणीतरी कधीतरी टाकून दिलेली, निकालात काढलेली आहेत. ज्यांना नवे परवडत नव्हते, त्यांनी ती शेवटच्या खिळ्यापर्यंत वापरली, म्हणून ती राहिली.

संग्रहालय सुरू झाले तेव्हा हवाई दलप्रमुख होते अर्जन सिंग. 1944 मध्ये इंफाळच्या आकाशात ते स्वतः हरिकेन उडवत होते आणि त्याच वर्षी तिथेच माउंटबॅटन यांनी त्यांच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस लावला होता. ज्या विमानावर आपण लढलो ते भंगारात जाताना पाहणे वैमानिकाला कसे वाटत असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पना लागत नाही. 1967 पर्यंत हरिकेन, स्पिटफायर, टेंपेस्ट ही सगळी पिढी सेवेतून गेली होती आणि लिबरेटर जायच्या बेतात होते. मिग-21 येऊन चार वर्षे झाली होती. आणखी दहा वर्षे थांबले असते तर मांडायला फारसे काही उरलेच नसते. स्थळही चांगले मिळाले. पालमची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. दिल्लीचा नागरी विमानतळ सफदरजंगहून तिथे आला तो 1962 च्या सुमारास.

हँगरमधले सर्वांत म्हातारे विमान म्हणजे वेस्टलँड वापिटी. लढाऊ म्हणण्यासारखे त्याच्यात फारसे काही नाही. दोन मजली पंख, उघडे कॉकपिट, पंखांच्या मधून तारांचे जाळे. पण भारतीय हवाई दल सुरू झाले ते याच विमानावर. दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची. पहिले पथक उभे राहिले 1 एप्रिल 1933 रोजी, कराचीजवळच्या ड्रिग रोडला. सहा अधिकारी, एकोणीस हवाई शिपाई आणि चार वापिटी एवढाच सगळा संसार. ही वापिटी मुळात काटकसरीची पैदास. पहिल्या महायुद्धातल्या डी.एच. 9 ए विमानांच्या सुट्या भागांचे ढीग ब्रिटिशांच्या गोदामांत पडून होते. नव्या विमानात ते भाग वापरले गेले पाहिजेत, अशी अटच सरकारने घातली होती. वेस्टलँड कंपनीने ती पाळली आणि कंत्राट मिळवले. मोठ्या भावाचे कपडे आटवून धाकट्याला घालावेत तसे हे विमान, आणि दलाच्या वाट्याला पुढची कित्येक वर्षे असेच कपडे आले. वझिरीस्तानच्या डोंगरांत टोळ्यांवर टेहळणी करत सुब्रतो मुखर्जी, अस्पी इंजिनियर यांची पिढी याच वापिटीवर शिकली. दोघेही पुढे हवाई दलप्रमुख झाले. जगात पूर्ण अवस्थेत उरलेली वापिटी म्हणून पालमच्या याच विमानाकडे बोट दाखवले जाते.

ज्या ड्रिग रोडला हे सगळे सुरू झाले तो तळ फाळणीत पाकिस्तानात गेला. त्याचे आजचे नाव पीएएफ बेस फैसल. त्याला लागूनच पाकिस्तानी हवाई दलाचे संग्रहालय आहे, आणि तिथे 1965 च्या युद्धात पसरूरला उतरलेले एक भारतीय नॅट विमान मांडून ठेवलेले आहे. म्हणजे आपल्या हवाई दलाचे जन्मस्थान त्यांच्याकडे, जन्माच्या वेळचे विमान आपल्याकडे. ड्रिग रोड, पेशावर, कोहाट, रिसालपूर, मिराणशाह ही जुन्या वैमानिकांच्या तोंडी सतत येणारी नावे आज सगळी सीमेपलीकडची आहेत. खुद्द क्रमांक 1 ची स्क्वॉड्रनसुद्धा वाटणीत तिकडे गेली आणि भारताला 1953 मध्ये दुसऱ्या एका स्क्वॉड्रनला तो क्रमांक देऊन ती परंपरा पुन्हा सुरू करावी लागली. पालमच्या संग्रहात फाळणीपूर्वीच्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या का, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर लायसँडरच्या गोष्टीत मिळते.

लायसँडर हे सैन्याच्या मदतीला असणारे, हळू उडणारे, लहानशा मैदानावरही उतरू शकणारे विमान. पंख वर, खिडक्या मोठ्या, चाकांवर जाडजूड आवरणे. युरोपात रात्रीच्या अंधारात फ्रान्समध्ये हेर उतरवायला ते वापरले जाई. क्रमांक 1 च्या स्क्वॉड्रनला वापिटीनंतरच्या काळात मिळाले ते हे विमान, आणि मराठी वाचकाने इथे जरा थांबायला हवे. ही लायसँडर विमाने मुंबई इलाख्यात गोळा झालेल्या पैशांतून, बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडातून, दलाला भेट मिळाली होती. गिरण्यांच्या आणि पेढ्यांच्या मुंबईने दिलेली विमाने पेशावरमार्गे ब्रह्मदेशात जाऊन लढली.

आणि ती कशी लढली! फेब्रुवारी 1942 च्या आरंभी स्क्वॉड्रन लीडर के. के. मजुमदार आपली लायसँडर घेऊन टाउंगूला पोचले आणि लगेच जपान्यांनी तो तळ बाँबने भाजून काढला. लायसँडर हे काही बाँबर नव्हे. तरीही मजुमदारांनी त्यावर बाँब बांधले आणि सयामच्या हद्दीतल्या मे हाँग सोनच्या जपानी विमानतळावर झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सगळी स्क्वॉड्रन त्यांच्या मागे गेली. त्या वर्षी मजुमदारांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला; महायुद्धात हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय वैमानिक. पुढे फेब्रुवारी 1945 मध्ये, लाहोरला प्रात्यक्षिके दाखवताना, हरिकेन कोसळून ते गेले. युद्ध संपायला तेव्हा सहा महिने उरले होते.

तर दलाच्या पहिल्या खऱ्या लढाईतले हे विमान संग्रहालयात असणे भागच होते. पण देशात मांडण्याजोगे एकही लायसँडर उरलेले नव्हते. ते मिळाले कॅनडातून, आणि फुकट नाही. कॅनडाला हवे होते लिबरेटर हे चार इंजिनांचे अमेरिकी बाँबर. अमेरिकेत ते अठरा हजारांवर तयार झाले होते. पण युद्ध संपताच वितळवून टाकलेल्या विमानांत ते सर्वांत पुढे होते. साठच्या दशकाच्या शेवटी अजून कामावर असलेली लिबरेटर पाहायची तर भारतात यावे लागे. सौदा जमला. 1968 साली एक भारतीय लिबरेटर कॅनडाच्या विमान संग्रहालयात गेले आणि कॅनडात बांधलेले एक लायसँडर पालमला आले. मुंबईच्या पैशांतल्या विमानांच्या आठवणीला एका अमेरिकी बाँबरच्या बदल्यात कॅनेडियन सोंग घ्यावे लागले. संग्रहालयांच्या जगात अशी अदलाबदल नेहमीची आहे, तरी एवढी बोलकी अदलाबदल मला दुसरी ठाऊक नाही.

आता लिबरेटर भारताकडे आली कुठून, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारण ही गोष्ट या संग्रहालयाच्या मुळाशी आहे.

युद्धात अमेरिकेने उसनवार तत्त्वावर ब्रिटनला ही विमाने दिली. करार असा की युद्धानंतर ती परत करायची किंवा नष्ट करायची. 1945 नंतर भारतातली लिबरेटर कानपूरला जमा झाली. ती पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू ओतली, सांगाड्यांवर अवजड यंत्रे घातली आणि ती उन्हापावसात सोडून दिली. स्वातंत्र्यानंतर नव्या हवाई दलाला बाँबर हवे होते आणि विकत घ्यायला परकी चलन नव्हते. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमधल्या लोकांनी कानपूरला जाऊन त्या ढिगाऱ्यात हात घातला. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याचे चाक, असे करत विमान कसेबसे उडण्याजोगे करायचे आणि बंगळूरला न्यायचे. खरी दुरुस्ती तिथे. त्यांचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही डागडुजी केलेली विमाने कानपूरहून उडवत नेली. मोडून ठेवलेल्या विमानावर आपला जीव टांगून शेकडो मैल जायचे, हे धाडस कुठल्याही पदकाच्या तोडीचे आहे. अशी चाळीसच्या आसपास लिबरेटर पुन्हा उडाली.

हे कौशल्य बंगळूरला आले ते युद्धातच. हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना डिसेंबर 1940 मध्ये केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन. युद्धाच्या धामधुमीत सरकारने कारखाना ताब्यात घेतला, आणि तिथे अमेरिकी हवाई दलाची विमाने दुरुस्तीला येऊ लागली. त्यांत लिबरेटरही असत. विमान बांधायचे वालचंदांचे स्वप्न त्या काळात दुरुस्तीवर येऊन अडले, असे म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला उलट वाटते. त्या दुरुस्तीच्या शाळेतून जे फिटर आणि रिगर निघाले, त्यांच्याच हातांनी कानपूरचा ढिगारा उडाला.

नोव्हेंबर 1948 मध्ये क्रमांक 5 ची स्क्वॉड्रन या लिबरेटरवर उभी राहिली. 1951 मध्ये क्रमांक 6 ची स्क्वॉड्रन पुण्याला लिबरेटरवरच पुन्हा सुरू झाली आणि समुद्रावर टेहळणी करू लागली. लोहगावच्या आसपास राहणाऱ्या जुन्या पुणेकरांना तो चार इंजिनांचा घोगरा आवाज परिचयाचा असणार. ही विमाने 1968 पर्यंत चालली. जगात लिबरेटर वापरणारे शेवटचे हवाई दल आपले. मग मागणी सुरू झाली. कॅनडाचे सांगितलेच. 1969 मध्ये एक विमान अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनला गेले, 1974 मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाला भेट दिले गेले. आणखी एक ब्रिटिश संग्राहकाने उचलून नेले आणि ते पुढे अमेरिकेत दुरुस्त होऊन कित्येक वर्षे हवाई मेळाव्यांत उडत राहिले. ज्या देशांनी ही विमाने बांधली आणि वापरली, त्यांच्याच संग्रहालयांत आज दिसणारी काही लिबरेटर कानपूरच्या उकिरड्यातून निघालेली आहेत. एक पालमला राहिले. हँगरच्या दारातून शिरणे त्याला शक्य नाही, पंखांचा विस्तार एकशे दहा फूट. त्यामुळे ते बाहेर उघड्यावर, ऊन-पाऊस खात उभे असते. त्याला छप्पर मिळावे, एवढी एक मागणी या लेखाच्या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

हरिकेन आणि स्पिटफायर यांच्याविषयी मराठीतही इतके लिहिले गेले आहे की थोडक्यात आवरावे. पण पालमला ती दोन्ही पाहताना एक फरक डोळ्यांत भरतो. हरिकेनचा मागचा अर्धा भाग धातूच्या नळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर ताणून बसवलेले, रोगण चढवलेले कापड असा आहे. गोळी आरपार गेली तर सुतार आणि शिंपी मिळून संध्याकाळपर्यंत विमान तयार करत. स्पिटफायरचा पत्रा मात्र स्वतःच भार पेलणारा. तो दुखावला की साचे, रिव्हेट आणि तरबेज कारागीर लागत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, चिखलातल्या तात्पुरत्या धावपट्ट्यांवर, हरिकेन का टिकून राहिले याचे कारण त्याच्या वेगात शोधून सापडायचे नाही. 1943-44 मध्ये भारतीय हवाई दलाच्या बहुतेक स्क्वॉड्रन याच विमानावर होत्या. मेहर सिंग यांची क्रमांक 6 ची स्क्वॉड्रन आराकानात जोडीजोडीने टेहळणीला जाई. एकाची नजर खाली जमिनीवर, दुसऱ्याची वर आकाशात. जनरल स्लिम यांच्या सैन्यात तिला ‘चौदाव्या सेनेचे डोळे’ म्हणत. महायुद्धात डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळालेले भारतीय हवाई दलाचे मेहर सिंग हे एकच अधिकारी.

स्पिटफायर आल्या 1944 मध्ये, पहिल्यांदा क्रमांक 8 च्या स्क्वॉड्रनकडे. युरोपात ते विमान तेव्हा चांगलेच मुरलेले होते. आपल्याकडे नवेकोरे म्हणून कौतुक झाले. पालमची स्पिटफायर दुरुस्त करून 1980 च्या दशकातही दलाच्या समारंभांत उडवली गेली. ज्यांनी तिच्या मर्लिन इंजिनाचा आवाज प्रत्यक्ष ऐकला त्यांचा आम्हा इतरांना हेवा वाटावा.

हरिकेन आणि स्पिटफायर यांच्या मध्ये एक जागा रिकामी आहे आणि ती रिकामीच राहणार. व्हल्टी व्हेंजन्स हे अमेरिकी बाँबफेकी विमान भारताच्या क्रमांक 7 आणि 8 च्या स्क्वॉड्रननी वापरले. जवळजवळ उभ्या कोनात खाली झेपावून बाँब टाकणारे ते विमान. वैमानिक ते उडवताना शिव्या देत आणि त्याच्या अचूकपणाची वाखाणणीही करत. आज जगात ते पूर्ण अवस्थेत फक्त ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या कॅमडेनला आहे. भारतातले एकही राहिले नाही.

हँगरमध्ये एक छोटेसे, ठेंगणे जपानी यंत्र आहे. त्याच्यापाशी शाळेची मुले हसतात आणि शिक्षक गप्प होतात. ते ओहका. नाकात सुमारे बाराशे किलो स्फोटके, शेपटीत तीन रॉकेटे, मध्ये बसायला एक तरुण. मोठ्या बाँबरच्या पोटाखाली बांधून न्यायचे आणि युद्धनौका दिसल्या की सोडून द्यायचे. परत यायची सोय मुळात ठेवलेलीच नाही. ओकिनावाच्या लढाईत अमेरिकनांनी त्याचे नाव ठेवले होते ‘बाका’, म्हणजे मूर्ख. त्याला लढाऊ विमान म्हणावे का, हा प्रश्न मला सुटलेला नाही. शरणागतीनंतर भारताची क्रमांक 4 ची स्क्वॉड्रन स्पिटफायर घेऊन जपानमध्ये ताबा-सैन्यात 1946-47 मध्ये होती, हे मात्र ओहकाजवळ उभे राहिल्यावर आठवल्याशिवाय राहत नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली लढाई काश्मीरची. 27 ऑक्टोबर 1947 ला डाकोटा या वाहतूक विमानांनी श्रीनगरला सैन्य उतरवले. पाठोपाठ स्पिटफायर आणि टेंपेस्ट आले. पालमचे टेंपेस्ट त्या काळाचे. सेंटॉरस नावाचे अठरा सिलिंडरांचे इंजिन, अडीच हजारांच्या वर अश्वशक्ती, आणि नाक इतके मोठे की जमिनीवर चालवताना समोरचे काही दिसत नाही. तेही ब्रिटिशांनी सोडून दिलेल्या साठ्यातलेच. उरी, पूंछ, झोजिला या भागांत, दोन्ही बाजूंना डोंगर असताना, हे भरधाव विमान खाली आणून मारा करायचा; विमान बनवणाऱ्यांनी अशी जागा स्वप्नातही पाहिली नसेल. या मोहिमेत विंग कमांडर हृषीकेश मुळगावकर यांनी महावीरचक्र मिळवले. मुंबईचा हा मराठी वैमानिक 1976 ते 1978 हवाई दलप्रमुख होता, हे आपल्या नव्या पिढीला सहसा माहीत नसते. मेहर सिंग यांनाही महावीरचक्र मिळाले; मे 1948 मध्ये जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन त्यांनी लेहच्या पट्टीवर डाकोटा उतरवला, अकरा हजार फुटांच्या वर, नकाशांचा भरवसा नसताना.

संग्रहालय सुरू होऊन दहा वर्षे होतात न होतात तोच एक नवल घडले. पाश्चात्य देशांतल्या श्रीमंत हौशी लोकांना जुन्या लढाऊ विमानांचे वेड लागले. 1977 च्या सुमारास ऑर्मंड हेडन-बेली हा इंग्रज वैमानिक भारतातल्या तळांवर धूळ खात पडलेल्या स्पिटफायर आणि टेंपेस्टच्या शोधात आला. त्याच वर्षी जर्मनीत जुने मस्टँग उडवताना तो अपघातात गेला, पण विमाने ब्रिटनला पोचली. लंडनच्या हेंडन संग्रहालयातले टेंपेस्ट मूळ आपल्याच दलातले. काही स्पिटफायर पुन्हा उडाल्या आणि तिथल्या मेळाव्यांत त्यांच्याकडे लोक डोळे विस्फारून पाहतात.

याहून नवलाची गोष्ट बनारसची. बनारस हिंदू विद्यापीठात 1947 नंतर अभियांत्रिकीच्या मुलांना शिकायला एक हरिकेन देऊन टाकले होते. 1982 मध्ये पीटर व्हॅशर हा इंग्रज तिथे फिरायला आला असता त्याला ते आवारात, गवताच्या आडोशाला दिसले. क्रमांक पाहिला, आर 4118. ब्रिटनच्या लढाईत, 1940 मध्ये, जर्मन विमाने पाडलेले अस्सल विमान. त्याने पुढची जवळजवळ वीस वर्षे त्याचा पिच्छा पुरवला आणि 2001 मध्ये ते इंग्लंडला नेले. डिसेंबर 2004 मध्ये ते पुन्हा उडाले. आपण ते गमावले, असे काही लोक चिडून म्हणतात. चीड समजते, पण आपण ते उडवले असते का, हेही विचारायला हवे. कापड कुजलेले, लाकूड पोखरलेले, इंजिन गंजलेले असे ते विमान उभे करायला खर्च अफाट आला. त्या काळात आपल्याकडे चालू विमानांचे सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येत होते.

उडते ठेवायचे की जसे आहे तसे जपायचे, हा विमान संग्रहालयांतला जुना वाद आहे आणि तो हौसेचा नाही. विमान उडवायचे तर कापड नवे, रबरी नळ्या नव्या, तारा नव्या, कित्येकदा पंखाचा मुख्य कणाही नवा. चाकांत आणि इंजिनांच्या आवरणांत वापरलेला मॅग्नेशियमचा मिश्रधातू दमट हवेत भुगा होतो. तोही बदलावा लागतो. शेवटी जुन्या विमानाची पाटी आणि नवे विमान असे होते. न उडवायचे ठरवले तर उलटी काळजी: इंजिन आतून तेलाने माखून ठेवायचे, टायरवर भार पडू नये म्हणून विमान खुंट्यांवर तोलायचे, कीड आणि ओल रोखायची, रंगाचा मूळ थर खरवडायचा नाही. दिल्लीची मे महिन्यातली झळ आणि जुलैमधली दमट हवा दोन्ही गोष्टींची परीक्षा पाहते. पालमने बहुतेक विमानांसाठी दुसरा मार्ग धरला, आणि तो बरोबर होता असे माझे मत आहे. वापिटीसारखे जगात एकुलते एक असलेले विमान उडवून बघणे हा वेडेपणा ठरेल.

मात्र उडवण्याची हौस हवाई दलाने वेगळ्या मार्गाने भागवली. 8 ऑक्टोबर 2012 ला, दलाच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी, हिंडनच्या हवाई तळावर एक टायगर मॉथ उडाले. ज्या छोट्या शिकाऊ विमानावर हजारो भारतीय मुले पहिल्यांदा आकाशात गेली ते हे. ब्रिटनमध्ये ते दुरुस्त करून आणले होते. पुढे हार्वर्डही उडू लागले. 2018 मध्ये आला डाकोटा. आयर्लंडमध्ये भंगारात निघालेला हा डाकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी 2011 मध्ये विकत घेतला, ब्रिटनमध्ये दुरुस्त करवला आणि आपल्या वडिलांच्या, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या नावे दलाला दिला. वडील डाकोटाचे वैमानिक होते. 4 मे 2018 रोजी हिंडनला तो दलात दाखल झाला. नाव ठेवले ‘परशुराम’ आणि क्रमांक दिला व्हीपी 905, श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डाकोटाचा. भंगारातून आलेला डाकोटा ही आता या घराण्याची परंपराच झाली म्हणायची.

पालमच्या मैदानात आणि हँगरमध्ये जेट युगाचीही रांग आहे आणि बहुसंख्य प्रेक्षक तिकडेच गर्दी करतात. 1948 मध्ये आलेली व्हँपायर, फ्रान्सची तुफानी, मिस्तेर, हंटर, कुर्ट टँक यांनी बंगळूरला आखलेले मरुत. यांच्या पाठीमागे गोवामुक्तीचीही एक आठवण आहे. 18 डिसेंबर 1961 ला पुण्याच्या लोहगावहून कॅनबेरा बाँबर दाबोळीच्या धावपट्टीवर गेले, बेळगावच्या सांबऱ्याहून हंटर निघाले, आणि तुफानी विमानांनी दीववर हल्ला चढवला. नॅट हे या रांगेतले सर्वांत लहान, आणि त्याच्याच जातीच्या विमानावर 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर झुंजताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखोंना वीरमरण आले. हवाई दलाला मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. जागेअभावी इथे नुसती नावे घेऊन पुढे जातो.

गेल्या काही वर्षांत पालमला धाकटी भावंडे मिळाली आहेत. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय 1998 पासून आहे. सी हॉक आणि अलीझे पाहायची तर तिथे जावे. बंगळूरला एचएएलचे वारसा केंद्र आहे. चंडीगढला हवाई दलाचे वारसा केंद्र मे 2023 मध्ये उघडले. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगढलाच मिग-21 ला निरोप दिला गेला. 1963 पासून बासष्ट वर्षे. आता देशभरच्या शहरांतून, महाविद्यालयांतून, चौकांतून मिग-21 ची मागणी होत आहे. ही विमाने नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात शेकड्यांनी बनली. स्पिटफायर किंवा टेंपेस्टच्या वेळी जे झाले ते मिगच्या वेळी व्हायचे नसेल तर नुसते सांगाडे वाटून भागणार नाही. चौकातल्या चबुतऱ्यावर चढवलेले विमान चार पावसाळ्यांत पोकळ होते, आणि त्याच्यावरचा क्रमांक पुढे कुणाला वाचताही येत नाही.

विमानाबरोबर त्याची कागदपत्रे असली तर ते बोलते. अमुक क्रमांकाच्या विमानाने किती तास उड्डाण केले, कोणत्या दुरुस्ती आगारात इंजिन बदलले, पंखावरचे ठिगळ कुठल्या मोहिमेतले, हे लॉगबुकात असते. संग्रहालयात आलेल्या जुन्या विमानांपैकी कित्येकांचे सांगाडे एकाचे आणि रंगवलेले क्रमांक दुसऱ्याचे असतात ते अशी कागदपत्रे हरवल्यामुळे. ओझरला, लोहगावला, नागपूरच्या अनुरक्षण कमानमध्ये नोकरी केलेल्या माणसांच्या घरी ट्रंकांमध्ये अजून डायऱ्या, कामाच्या नोंदवह्या, गटाचे फोटो, सुट्या भागांवरच्या पितळी पट्ट्या पडलेल्या आहेत. फोटोमागे नावे लिहिलेली नसतील तर ज्यांना ती आठवतात त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्यावीत, आणि मूळ कागद द्यायचे जिवावर येत असेल तर निदान त्यांची प्रत संग्रहालयाकडे पोचवावी.